शुक्रवारचा शेवटचा तास

लवीना टीचर,

तुम्ही कशाने गेलात ते डॉक्टरांनी तुमच्या घरच्यांना सांगितलं आणि तुमच्या भावाने आम्हाला. मेंदूत रक्तस्राव. बुधवारी पहाटे, अंथरुणातून उठता उठता. मला ते समजलं. माझ्या मुलीला ते पटत नाही. मुक्ताला वाटतंय की तुम्ही तिच्यामुळे गेलात.

हे तिने मला सांगितलेलं नाही. बाकावर तिच्या शेजारी बसणाऱ्या रियाच्या आईने फोन करून सांगितलं. मंगळवारी इंग्रजीच्या तासाला धडा मोठ्याने वाचायची मुक्ताची पाळी आली आणि नेमकी बेल झाली. ती पुस्तक धरून उभीच राहिली. तुम्ही म्हणालात, "उद्या. पहिलं नाव तुझंच." त्या आठवड्यासाठी तुम्ही फळ्यावर लिहिलेला गुण होता पेशन्स, म्हणजे धीर. मुक्ता खाली बसली आणि रियाच्या कानात म्हणाली, "उद्या टीचर आल्याच नाही पाहिजेत." उद्या वाचायला मिळणार होतं, तरी असं का म्हणावं, याला तर्क नाही. सात वर्षांच्या मुलीच्या रागाला तर्क नसतो. बुधवारी तुम्ही आला नाहीत.

"भाऊ, आमची रिया पण घाबरलीय," रियाची आई म्हणाली. "बोलते, मुक्ताने बोललं आणि झालं. मी तिला ओरडले, असं काय नसतं म्हणून. पण तुम्ही मुक्ताला जरा बघा. ती कुणाशी बोलत नाहीये."

तेव्हापासून मी मुक्ताला बघतोय. ती जेवते, शाळेत जाते, पाढे म्हणते. विचारलं की "काही नाही" म्हणते. रियाच्या कानात बोललेल्या त्या वाक्याचं काय करायचं ते माझ्या ओळखीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाबद्दलच ते वाक्य आहे.

आमच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. काशीमिऱ्याच्या बाजूच्या बऱ्याच कारखान्यांची तशीच. त्यामुळे शुक्रवारी मुक्ताला शाळेतून आणायचं काम माझं. बाकीचे पालक सुटायच्या वेळेला गेटवर येतात. मला कुठेही उशिरा पोहोचायची धास्ती असते, म्हणून मी बराच आधी येतो. वॉचमनला माझी दया आली आणि तो मला आत सोडायला लागला. दुसरी ब च्या खिडकीखाली कट्टा आहे, त्यावर मी बसायचो. तुमचा शुक्रवारचा शेवटचा तास मी असा खिडकीबाहेर बसून ऐकला.

सोमवारी तुम्ही फळ्याच्या कोपऱ्यात एक गुण लिहायचात. शेअरिंग, ऑनेस्टी, कधी क्षमा. आठवडाभर तो शब्द तिथेच राहायचा, पुसायची परवानगी कुणालाच नाही. शुक्रवारी सगळी मुलं मिळून, चर्चला जाणाऱ्यांची आणि न जाणाऱ्या आमच्यासारख्यांची, त्याबद्दल बोलायची. पण आपण काय चांगलं केलं ते सांगायला बंदी होती. कुणी सुरुवात केलीच तर तुम्ही म्हणायचात, "ते मम्मीला सांग, ती खूश होईल. मला सांग, काय जमलं नाही." एकेकाने उठायचं, आपलं न जमलेलं सांगायचं, तुम्ही त्याच्याकडे बघत ऐकायचं, त्याने बसायचं. शिक्षा नाही, उपदेश नाही, टाळ्यासुद्धा नाहीत.

पहिला नंबर तुमचा असायचा. शेअरिंगच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, "मला जमलं नाही. स्टाफरूममध्ये केक आला होता. मी दोन पीस खाल्ले आणि मराठीच्या मॅडमना बोलले, संपला." वर्गात असा काही हशा झाला की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावून गेलं. त्या हशातच एक हात वर गेला. "टीचर, मी पण! मी नवीन स्केचपेन बॅगमध्येच ठेवले. सगळ्यांना सांगितलं, सुकलेत."

मला ते ऐकून गंमत वाटायची आणि अस्वस्थही व्हायचं. माझा धंदा तपासणीचा आहे. आमच्याकडे औषधांची खोकी तयार होतात, आणि त्यातली किती बिघडली, का बिघडली, मागच्या महिन्यापेक्षा कमी की जास्त, याचे आकडे मी ठेवतो. ज्या कामाला मोजमाप नाही ते काम मला अर्धवट वाटतं. तुम्हाला मी ते पहिल्याच महिन्यात गेटवर गाठून सांगितलं होतं.

"टीचर, याचं मोजमाप काय?"

"कशाचं?"

"मुलांमध्ये सुधारणा होतेय का, याचं. जूनमध्ये मुक्ता कुठे होती, आता कुठे आहे?"

"जूनमध्ये तिसऱ्या बाकावर होती. आता पहिल्या. तिला फळा दिसत न्हाय, चष्मा लागेल. तुम्हाला म्हायती हाय ना?"

माहीत नव्हतं. चष्मा लागला. तरी माझा मुद्दा तसाच होता.

वर्गात तुम्ही इंग्रजी बोलायचात, शिपायांशी हिंदी, आणि माझ्याशी भांडताना तुमच्या उत्तनच्या घरातली मराठी बाहेर यायची. ती बाहेर आली की मला कळायचं, आता खऱ्या टीचर बोलतायत. मी एक तक्ता करून आणला होता, आठवतं? आडवे गुण, उभी मुलांची नावं, प्रत्येकाला पाचपैकी आकडा. तुम्ही तो नीट वाचलात. तेवढा मान तुम्ही माझ्या कागदाला दिलात.

"क्षमा, पाचपैकी तीन," तुम्ही म्हणालात. "म्हणजे काय वो मुक्ताचे पप्पा? अर्ध्याच्या वर माफ केलं?"

"प्रगती आहे, असा अर्थ."

तुम्ही गेटला टेकून हसलात. डोळे पुसलेत. मग एकदम विचारलंत, "तुमच्या कंपनीत खराब निघालेला माल काय करता?"

"बाजूला काढतो."

"मी कुठं काढू?"

मला उत्तर सुचलं नाही. पण उत्तर न सुचणं म्हणजे पटणं नव्हे, हे मी तेव्हाही म्हटलं. आई-बापांना आपल्या मुलाचं काय चाललंय ते कळायला हवं, असं मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, "मग मुक्तालाच विचारा ना." मी म्हणालो, ती मला सांगत नाही. यावर तुम्ही म्हणालात, "मंग ते मोजा." आणि रिक्षात बसून गेलात.

मला राग आला होता. घरी येऊन बायकोला, वैशालीला म्हटलं, "ही बाई फार तोडून बोलते." वैशाली म्हणाली, "तोडून बोलतात की बरोबर बोलतात?" तिच्याशीही मी दोन दिवस कमी बोललो.

यंदाच्या दोन्ही पालक सभांत मी पालकांचा प्रतिनिधी म्हणून एकच मागणी केली: शुक्रवारी आठवड्याची टेस्ट घ्या, स्पेलिंगची आणि पाढ्यांची, मार्क घरी पाठवा. तुम्ही समोर बसून शांतपणे ऐकलंत. दुसऱ्या सभेनंतरच्या शुक्रवारी खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "मुक्ताचे पप्पा, दर शुक्रवारी फुकट ऐकता. आज तुम्ही पण सांगा." आठवड्याचा गुण ऑनेस्टी होता. सगळा वर्ग खिडकीकडे वळला, मुक्ताने लाजून डोकं बाकावर टेकवलं. मी म्हटलं, "मला काही आठवत नाही." मुलं ओरडली, "चीटिंग! चीटिंग!" तुम्ही त्यांना गप्प केलंत आणि म्हणालात, "चालेल. पुढच्या शुक्रवारी." पुढच्या शुक्रवारी तुम्ही विचारलं नाहीत आणि मी कट्ट्यावर जरा लांब बसलो. मला त्या दिवशी आठवत होतं, टीचर. ते सांगायचं राहूनच गेलं.

तुमच्या अंत्यविधीला आम्ही दोघं आलो होतो. मुक्ताला रियाकडे ठेवलं. चर्चमध्ये कधी उठायचं, कधी बसायचं कळत नव्हतं, पुढच्या माणसाकडे बघून करत होतो. खारा वारा आत येत होता आणि बाहेर कुणाच्या तरी अंगणातल्या वाळत्या मासळीचा वास. नंतर तुमच्या आईजवळ गेलो. मी मुक्ताचा बाप म्हणून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आकडेवाले?" म्हणजे घरी माझं नाव तेच होतं. त्या स्थितीतही मला हसू आलं, आणि मग थांबेना. हसूच होतं की नाही, मला सांगता येणार नाही. वैशालीने माझा दंड धरला.

तुमच्या आई म्हणाल्या, "शुक्रवारी घरी आली का गप बसून राहायची. चहा पन नको. इचारलं तर म्हणायची, थांब आई, डोकं भरलंय पोरांनी. जरा उतरू दे."

हे मला माहीत नव्हतं. मुलं सांगून हलकी होत होती ते मी खिडकीतून पाहिलं होतं. ते ओझं कुठे जातं, हा प्रश्न मला पडला नाही. माझ्या कामात मी पहिल्यांदा तोच विचारतो: काढलेला माल गेला कुठे?

आता त्यानंतरच्या शुक्रवारचं सांगतो. हे तुम्हाला कळायलाच हवं.

तुमच्या जागी एक नवीन मिस आल्या आहेत. तरुण आहेत, मेहनती आहेत. मला त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाही. त्यांना तुमच्या तासाबद्दल कुणीच काही सांगितलं नव्हतं. फळ्याच्या कोपऱ्यात तुमच्या हातचं पेशन्स तसंच होतं. शेवटच्या तासाला त्यांनी विचारलं, "एनी प्रॉब्लेम, चिल्ड्रन?" झालं. मुलं सवयीने उठायला लागली. एक म्हणाला, मी लाइनमध्ये आरवला ढकललं. एक म्हणाली, मला धीर धरवला नाही, मी शेजारच्या मुलीचा डबा उघडून खाल्ला. एकाने सांगितलं, मी तुमच्यावर पण चिडलो मिस, तुम्ही आमच्या टीचर नाही.

नवीन मिसना वाटलं, वर्गात एवढी बेशिस्त आहे आणि मुलं आपली परीक्षा बघतायत. त्यांनी प्रत्येकाचं कॅलेंडर, म्हणजे शाळेची डायरी, मागून घेतलं आणि लाल पेनने रिमार्क लिहिले. मित्राला ढकलतो. दुसऱ्याचा डबा खाते. उद्धट बोलतो. पालकांची सही आणावी.

मी बाहेर कट्ट्यावरच होतो. आधी मला कळलं नाही, आत शांतता का झाली. कळलं तेव्हा बरीचशी मुलं उठून, सांगून, शेरा घेऊन बसली होती. मुक्ताचा नंबर यायचा होता. मी खिडकीतून तिला बघितलं. ती उभी राहिली, ओठ हलले, समोरच्या लाल पेनाकडे तिने पाहिलं, आणि म्हणाली, "नथिंग, मिस."

"गुड गर्ल," मिस म्हणाल्या.

मी आत जायला हवं होतं का? मी बेल होईपर्यंत थांबलो. पालकाने तास चालू असताना वर्गात जाऊ नये, असा नियम आहे.

त्या संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर गोंधळ माजला. "मेरे बेटे ने खुद सच बोला, फिर भी रिमार्क?" "सच बोला मतलब धक्का तो मारा ना?" "इतने दिन क्लास में ये सब चल रहा था, अब पता चला." कुणी मुलाला मारलं, कुणी टीव्ही बंद केला. ज्यांच्या मुलांना शेरा नव्हता त्यांनी काही लिहिलं नाही. त्यात मीही होतो. माझ्या मुलीची डायरी कोरी होती, आणि ग्रुपवरच्या एका बाईंनी लिहिलं, "मुक्ताके पापा लकी हैं."

मुलं पुन्हा शाळेत गेली तेव्हा वर्ग अगदी शांत होता म्हणे.

मुख्याध्यापिका सिस्टरांनी सभा बोलावली. नवीन मिस, दोन-तीन पालक आणि मी. सिस्टर म्हणाल्या, एका दिवसात एवढे रिमार्क या शाळेत कधी झाले नव्हते, मुलं दुःखात आहेत हे मान्य, पण शिस्त घसरली आहे. म्हणून शुक्रवारचा शेवटचा तास आता आठवड्याच्या टेस्टला द्यायचा. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मागच्या दोन्ही मीटिंगला तुम्हीच हे मागितलं होतं. आता करतोय."

टीचर, 'मी कुठं काढू?' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सुचलं. तुम्ही गेल्यावर. इतक्या उशिरा सुचणारं उत्तर कुणाच्या उपयोगाचं?

मी सिस्टरांना आमच्या कारखान्याचं सांगितलं. मशीनवरची माणसं आपल्या हातून खोकं बिघडलं की स्वतः येऊन सांगायची. मग एक साहेब आले, त्यांनी सांगणाऱ्याला दंड लावला. पुढच्या महिन्यात माझ्या कागदावर बिघाड जवळजवळ शून्य. साहेबांनी पेढे वाटले. आणि गिऱ्हाइकाकडून माल परत यायला लागला. "सिस्टर," मी म्हटलं, "शुक्रवारी जे वाढलं ते ढकलणं नाही वाढलं. ते आधीही तेवढंच होतं, कदाचित जास्त. फक्त ते पहिल्यांदा कुणीतरी लिहून घेतलं. आता पुढच्या शुक्रवारी ते शून्य होईल. तुम्हाला ते चांगलं दिसेल. मला त्या शून्याची भीती वाटते."

"मग टेस्ट नको म्हणता?"

"टेस्ट हवीच. सोमवारी घ्या. शनिवार-रविवार अभ्यासाला मिळतील. शुक्रवारचा तास तसाच ठेवा आणि ते रिमार्क रद्द करा."

नवीन मिस हळूच म्हणाल्या, "सर, मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, मुलं मला टेस्ट करतायत." त्यांचे डोळे भरले होते. दुसऱ्या एका पालकांनी मला विचारलं, "आपकी बेटी को तो रिमार्क मिला ही नहीं, फिर आपको क्या प्रॉब्लेम है?"

माझा प्रॉब्लेम तोच होता. पण तो मुक्ताचा होता, मला तिथे बोलता येईना.

सिस्टर वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, बघू, नाताळ होऊ दे. रिमार्क रद्द करायचे तर सगळ्या पालकांना कळवावं लागेल, नवीन मिसची पहिल्याच आठवड्यात अडचण होईल. तोपर्यंत शुक्रवारी टेस्ट. मी हरलो असं नाही म्हणता येणार, जिंकलो असंही नाही. तुम्ही असता तर माझ्याच तक्त्याप्रमाणे म्हणाला असतात, पाचपैकी दोन.

घरी वैशाली म्हणाली, "आता तू तिला सरळ सांगून टाक ना, तुझ्यामुळे झालेलं नाही म्हणून. किती दिवस ती ते घेऊन फिरणार?" मी म्हटलं, मी सांगितलं तर तिला कळेल की रियाच्या आईने सांगितलं, आणि मग ती रियालाही सांगायची बंद होईल. वैशाली म्हणाली, "आणि नाहीच सांगितलं तिने तर?"

मी आडून आडून प्रयत्न केले. माणूस कशाने मरतो ते समजावलं. रक्तवाहिनी म्हणजे काय, चित्र काढून दाखवलं. म्हटलं, बोलण्याने माणसं गेली असती तर आमच्या कंपनीत एकही साहेब उरला नसता. ती चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पप्पा, मला माहीतेय ते." सगळं बरोबर होतं आणि काही उपयोग नव्हता.

काल शुक्रवार होता. पहिली टेस्ट झाली. मुक्ताला पैकीच्या पैकी. घरी येताना आम्ही रिक्षा केली नाही, चालत निघालो. मी काही समजावलं नाही. मीच सांगायला लागलो. सभेत काय झालं, मला तिथे कसं जमलं नाही, वर्गात जायला हवं होतं तेव्हा मी कट्ट्यावर कसा बसून राहिलो. मधे थांबलो नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. आम्ही भाजीबाजार ओलांडला. मग मुक्ता म्हणाली, "त्या दिवशी मी 'नथिंग' बोलले ना, ते खोटं होतं."

"हं."

तिने सांगितलं. सगळं, बेल झाली तिथपासून. मला माहीत असलेलंच होतं, पण तिच्या तोंडून वेगळं होतं. सांगून झाल्यावर माझ्या तोंडात पुन्हा ते रक्तवाहिनीचं समजावणं आलं होतं, मी ते गिळलं. ती म्हणाली, "पण मी बोलले तर होते ना?"

मी म्हटलं, "हो. बोलली होतीस."

ती रस्त्याच्या कडेला थांबली आणि रडली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. येणारी-जाणारी माणसं बघत होती. एका भाजीवालीने विचारलं, "क्या हुआ बेटा, पापा ने मारा?" मुक्ताने रडता रडता मान हलवून नाही म्हटलं.

मग तिने विचारलं, "टीचरला कळलं असेल?"

मला जे माहीत नाही ते मी तिला कधी सांगत नाही. वैशालीने सांगितलं असतं, तुमच्या आईने तर खात्रीने सांगितलं असतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"मग तुम्ही लिहा त्यांना."

म्हणून लिहितोय. रियाचं नाव घालू का, विचारलं. "घाला, तिला तर माहीतच आहे." चारचौघांनी वाचलं तर चालेल का, तेही विचारलं. ती म्हणाली, चालेल, पण रिमार्क कुणी देऊ नये. पुढचं तिचं आहे. ती शेजारी बसून सांगतेय, मी तिचे शब्द बदललेले नाहीत.

टीचर, मंगळवारी मी रियाला बोलले की उद्या तुम्ही यायला नको. मला आजच वाचायचं होतं. मला पेशन्स जमला नाही. तुम्ही मरावं असं मी बोलले नव्हते, फक्त येऊ नये. सॉरी. तुम्ही पहिलं नाव माझं बोललेलात आणि आल्या नाहीत, म्हणून मला राग पण आहे. थोडासा. अजून आहे.